उजेडाचा हिशेब आणि उजेडाची निवड

संगणकीय खेळातील दृश्ये, हालचाली, ध्वनी आणि नियम यांची क्षणोक्षणी सांगड घालणाऱ्या पायाभूत सॉफ्टवेअरला गेम इंजिन म्हणतात, आणि अशा इंजिनात उभ्या केलेल्या दृश्याला उजेड देण्याच्या कामाला या व्यवसायात लायटिंग हेच नाव रूढ झाले आहे. भिंती, खांब, भांडीकुंडी, झाडे आणि माणसे यांच्या प्रतिकृती इतरांनी घडवून दिल्यानंतर लायटिंग करणाऱ्याचे काम सुरू होते, आणि ते हातावेगळे होईपर्यंत त्या दृश्यात वेळ कोणती, ऋतू कोणता, खेळणाऱ्याने कुठे वळावे आणि त्याला तिथे निर्धास्त वाटावे की धास्ती वाटावी, हे बहुतांशी ठरून गेलेले असते. गेल्या दहा-बारा वर्षांत हे काम शिकण्याची वाट पार बदलली आहे, कारण ज्या आकडेमोडीसाठी संगणक रात्रभर चालू ठेवावा लागे ती इंजिन आता खेळ चालू असतानाच उरकते. यंत्राने एवढा भार उचलल्यावर विद्यार्थ्याने नेमके काय शिकायचे, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहतो. त्याचे या लेखातील उत्तर असे की, उजेडाचा हिशेब यंत्राकडे गेला असला तरी उजेडाची निवड माणसाकडेच राहिली आहे, आणि ही निवड करण्याची पात्रता स्वतःच्या परिसरातील उजेड डोळसपणे न्याहाळल्याशिवाय अंगी येत नाही.

संगणकाला उजेड कसा समजला

संगणकाच्या पडद्यावरील दृश्यात उजेड आपोआप पडत नाही. प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग कोणत्या तरी सूत्राने काढावा लागतो. यातील सर्वांत जुने आणि आजही वापरात असलेले सूत्र गणिती योहान हाइनरिख लांबेर्ट यांनी १७६० मध्ये ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात मांडलेल्या नियमावर आधारलेले आहे. पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरपा पडेल तितका तो अधिक जागेत विखुरला जाऊन पृष्ठभाग मंद दिसतो, असा त्या नियमाचा आशय आहे. १९७१ मध्ये आंरी गूरो यांनी आणि १९७५ मध्ये बुई तुओंग फोंग यांनी अमेरिकेतील युटा विद्यापीठात केलेल्या कामामुळे संगणकावरील गोलाकार वस्तूंना सलग छटा आणि चमकता ठिपका लाभला, तर १९७८ मध्ये लान्स विल्यम्स यांनी पडछाया काढण्याची एक रीत सुचवली. दिव्याच्या जागी डोळा ठेवून त्याला जे दिसते ते उजेडात आणि जे आड राहते ते छायेत, या तत्त्वावरची ही रीत शॅडो मॅप या नावाने आजही बहुतेक खेळांत चालते.

या सर्व रीतींमध्ये एक मोठी उणीव होती. त्या दिव्यापासून थेट वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचाच विचार करीत, आणि एका वस्तूवरून परतून दुसरीवर पडणारा प्रकाश मात्र हिशेबाबाहेर ठेवीत. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डोळ्यापासून निघणारा काल्पनिक किरण काचेतून आणि आरशावरून पुढे नेला गेला, पण तशा एका चित्राला त्या काळच्या संगणकावर तासाहून अधिक वेळ लागे. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी चकाकी नसलेल्या पृष्ठभागांमध्ये होणारी प्रकाशाची देवघेव मोजण्यासाठी एका साध्या पेटीचा आधार घेतला. कॉर्नेल बॉक्स या नावाने विख्यात झालेल्या या पेटीच्या आज प्रचलित असलेल्या रूपात एक भिंत लाल, समोरची हिरवी आणि बाकीची पेटी पांढरी असते, आणि आत ठेवलेल्या पांढऱ्या ठोकळ्यांच्या अंगावर लगतच्या भिंतीची फिकट झाक उतरलेली दिसते. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी थेट आणि परतलेला असा सर्व प्रकाश एकाच समीकरणात बसवला, जे रेंडरिंग इक्वेशन म्हणून ओळखले जाते. त्या समीकरणाचे उत्तर झटपट आणि पुरेसे खरे वाटेल असे कसे काढायचे, याच शोधात तेव्हापासूनचा दृश्यगणिताचा बराचसा इतिहास घडला आहे.

साठवलेला उजेड आणि चालता उजेड

चित्रपटाची एक चौकट तयार करायला संगणकाला कितीही तास दिले तरी प्रेक्षकाचे काही बिघडत नाही, परंतु खेळात खेळणारा केव्हा मान वळवील हे आधी ठाऊक नसल्याने प्रत्येक चौकट त्याच क्षणी तयार व्हावी लागते. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या असतील तर एका चौकटीच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्यातच हालचाल, टक्कर, ध्वनी, खेळाचे नियम आणि उजेड या सर्वांचा हिशेब पुरा करायचा असतो. या अडचणीवर काढलेला जुना तोडगा म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंवरचा उजेड आधीच मोजून चित्रांच्या रूपात साठवून ठेवणे. अशा चित्राला लाइटमॅप आणि तो तयार करण्याला बेक करणे म्हणतात. इड सॉफ्टवेअरच्या १९९६ सालच्या ‘क्वेक’ या खेळाने ही रीत लोकप्रिय केली, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘क्वेक २’ मध्ये भिंतींवरून परतणारा उजेडही अशाच रीतीने आधी काढून ठेवला गेला.

बेक केलेला उजेड देखणा असतो, पण तो गोठलेलाही असतो: दार उघडले म्हणून खोली उजळत नाही आणि सूर्य सरकला म्हणून सावली हलत नाही. त्यामुळे दिव्यांची वर्गवारी करणे हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा बराच काळ पहिला धडा होता. एपिक गेम्स या कंपनीच्या अनरियल इंजिनमध्ये स्टॅटिक म्हणजे पूर्णतः साठवलेला, मूव्हेबल म्हणजे पूर्णतः चालता आणि स्टेशनरी म्हणजे जागेवरच राहणारा पण रंग व तीव्रता बदलू शकणारा, असे दिव्यांचे तीन प्रकार आहेत, आणि कोणता दिवा कोणत्या प्रकारचा ठेवायचा हे ठरवण्यात विद्यार्थ्याचा कस लागे. दिवा जरासा सरकवला की पुन्हा बेक करायचे, निकालाची वाट पाहायची आणि मग चूक कळायची, या क्रमात शिकण्याचा वेग मंद राही.

२०१८ मध्ये किरणांचा माग काढण्यासाठी वेगळी यंत्रणा असलेली ग्राफिक्स कार्डे सर्वसाधारण ग्राहकांसाठी बाजारात आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनरियल इंजिन ५ मध्ये लुमेन ही प्रणाली समाविष्ट झाली. परतलेल्या उजेडाचा हिशेब लुमेन खेळ चालू असतानाच करते आणि त्यासाठी किरणांची खास यंत्रणा नसलेल्या कार्डावरही दृश्याच्या सुलभ केलेल्या प्रतिकृतीच्या आधारे काम भागवते. दिवा सरकवला की त्याचा परिणाम तत्काळ समोर येत असल्याने विद्यार्थी एका बैठकीत अनेक पर्याय पडताळून पाहू शकतो. मात्र हा वेग फसवाही ठरतो, कारण इंजिन उघडताच मिळणारा तयार सूर्य आणि तयार आकाश इतके आकर्षक दिसतात की दृश्याला उजेड देऊन झाला असा समज होतो, आणि जगभरातील नवशिक्यांची दृश्ये त्यामुळे एकाच साच्यातून निघाल्यासारखी भासतात.

एका माजघराचा अभ्यास

या साच्याबाहेर पडायचे म्हणजे काय करायचे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्यातील जुन्या वाड्याचा चौक, त्याला लागून ओसरी आणि ओसरीच्या आत माजघर, असे दृश्य विद्यार्थ्याने उभे केले आहे असे समजू. चौक उत्तर-दक्षिण ५ मीटर रुंद आहे, दक्षिणेकडची भिंत ६ मीटर उंच आहे, भिंती चुन्याच्या सफेदीच्या आहेत, ओसरीची जमीन लाल कोब्याची आहे आणि माजघराच्या कोनाड्यात पितळी समई तेवते आहे.

पहिला प्रश्न सूर्याचा. अनरियलमध्ये स्थळ, तारीख आणि वेळ यांवरून सूर्याची जागा काढणारी सोय आहे, आणि तिच्यात १८.५ अंश उत्तर अक्षांश, ७३.९ अंश पूर्व रेखांश आणि साडेपाच तासांचा कालफरक भरला की पुण्याचा सूर्य मिळतो. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य ठीक माथ्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस होय, आणि त्या वेळी चौकाच्या जमिनीवर भिंतीची सावली अजिबात पडत नाही. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या ६ मीटरच्या भिंतीची सावली जवळपास ५.४ मीटर लांब पडते, चौकाची सगळी जमीन छायेत बुडते आणि ऊन फक्त उत्तरेकडच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे अर्ध्या मीटरच्या वर, लागते. एकच चौक, एकच दुपार, पण महिना बदलताच माजघरात पोहोचणाऱ्या उजेडाचा उगम जमिनीवरून भिंतीवर जातो. हे ज्याने पाहिले किंवा किमान मोजले नाही, तो दोन्ही ऋतूंना एकच सूर्य देतो.

दुसरा प्रश्न सावलीच्या कडेचा. सूर्य आकाशात बिंदूएवढा नसून त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून सावलीची कड वस्तूपासून दूर जाईल तशी विरत जाते: कड टाकणाऱ्या वस्तूपासून १ मीटरवर सुमारे १ सेंटीमीटर आणि ३ मीटरवर सुमारे ३ सेंटीमीटर. इंजिनात सूर्याच्या या रुंदीसाठी स्वतंत्र आकडा असतो, आणि तो बरोबर ठेवला की खांबाच्या पायथ्याशी रेखीव असलेली सावली वळचणीखाली मऊ होताना दिसते. या मऊपणावरून ती टाकणारी वस्तू किती उंचावर असावी, याचा अदमास पाहणाऱ्याला नकळत येतो.

तिसरा प्रश्न परतणाऱ्या उजेडाचा, आणि माजघराचे सारे रूप त्यावरच अवलंबून आहे, कारण तिथे थेट ऊन कधीच पोहोचत नाही. चौकातील ऊन जमिनीवरून ओसरीच्या तक्तपोशीवर, तिथून भिंतीवर आणि भिंतीवरून आत असे येते. प्रत्येक पृष्ठभाग पडलेल्यापैकी निम्मा प्रकाश परत देतो असे धरले तर तीन टप्प्यांनंतर एक अष्टमांश उरतो. पृष्ठभाग किती प्रकाश परत देतो या प्रमाणाला आल्बेडो म्हणतात, आणि नवशिक्या विद्यार्थ्याची सर्वांत सामान्य चूक इथेच घडते. सफेदीची भिंत त्याने संपूर्ण पांढरी ठेवली तर उजेड खोलीत मावळतच नाही, आणि लाकूड निव्वळ काळे ठेवले तर ते उजेड गिळून टाकते. प्रत्यक्षात कोळसाही थोडा प्रकाश परत देतो आणि ताजे हिमही सगळा देत नाही. आकडे जागेवर असतील तर उन्हाने तापलेल्या लाल कोब्याची फिकट तांबूस झाक पांढऱ्या भिंतीच्या खालच्या हातभर भागावर आपोआप उतरते. कॉर्नेलच्या पेटीत सिद्ध झालेली घटना वाड्याच्या ओसरीत अशी पुन्हा भेटते.

चौथा प्रश्न समईचा. एका वातीची ज्योत सुमारे १ कँडेला तेजाची धरली, तर १ मीटरवर तिचा १ लक्स उजेड पडतो आणि २ मीटरवर फक्त पाव लक्स, कारण बिंदूवजा दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. कँडेला हे दिव्याच्या एखाद्या दिशेतील तेजाचे आणि लक्स हे पृष्ठभागावर पडलेल्या उजेडाचे माप आहे. बाहेर भर दुपारच्या उन्हाचे माप १,००,००० लक्सच्या आसपास जाते, म्हणजे चौक आणि कोनाडा यांत लाखपटीचे अंतर आहे, आणि कोणताही सामान्य पडदा ते जसेच्या तसे दाखवू शकत नाही. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड चित्रात घ्यायचा याचे नियंत्रण, हाती घ्यावे लागते. चौकातून माजघरात शिरणाऱ्याचे डोळे जसे अंधाराला सरावतात तसे इंजिनही एक्स्पोजर आपोआप वाढवते, पण त्याला वरची आणि खालची मर्यादा घातली नाही तर गडद कोपराही करड्या उजेडात न्हाऊन निघतो आणि समईला अर्थ उरत नाही. शिवाय ज्योतीसारखी लहान आणि अतिशय तेजस्वी वस्तू लुमेनच्या हिशेबात चुरचुरणारे ठिपके निर्माण करू शकते, म्हणून दिसण्यापुरती ज्योत मंद ठेवून उजेडासाठी तिच्याजवळ वेगळा दिवा मांडणे श्रेयस्कर ठरते. भिंती १० सेंटीमीटरहून पातळ असल्या तर बाहेरचा उजेड आत झिरपतो, हा लुमेनचा आणखी एक नियम आहे. वाड्याच्या जाडजूड भिंतींना त्याची बाधा होत नाही, परंतु वरची कौले एका पातळ पत्र्याएवढी घडवली असतील तर माजघराच्या आढ्यापाशी उजेडाच्या चुकार रेघा दिसू लागतात.

पाचवा प्रश्न पितळेचा. २०१२ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत ब्रेंट बर्ली यांनी आणि २०१३ मध्ये अनरियलसाठी ब्रायन कॅरिस यांनी मांडलेल्या पद्धतीमुळे वस्तूचे गुणधर्म भौतिकशास्त्राला धरून देण्याची शिस्त रुळली आहे. लाकूड, चुना किंवा कोबा यांवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच चकाकीच्या रूपाने परततो आणि त्या चकाकीला वस्तूचा रंग नसतो, तर धातू बहुतेक सगळा प्रकाश चकाकीच्या रूपाने आणि स्वतःच्या रंगात परत देतो. म्हणून समईच्या दांड्यावरची चमक पिवळी आणि शेजारच्या तेल पाजलेल्या सागवानी खांबावरची चमक ज्योतीच्याच रंगाची दिसली पाहिजे. हा फरक साधला की पाहणाऱ्याला दोन्ही वस्तू हाताला कशा लागतील हे सांगावे लागत नाही.

अंधार किती ठेवायचा

इतका सगळा हिशेब बिनचूक जमला तरी दृश्य चांगले होईलच असे नाही, कारण खरा उजेड अनेकदा कथेला निरुपयोगी असतो. दुपारच्या माजघरात सर्वांत उजळ जागा दार असेल आणि खेळणाऱ्याने मात्र कोनाड्याकडे वळायला हवे असेल, तर वेळ संध्याकाळची करणे, दार अर्धे लोटणे, समईच्या वाती वाढवणे किंवा कोनाड्याशेजारची भिंत गडद करणे, यांपैकी एखादा निर्णय घ्यावाच लागतो. १९९८ मधील ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ या खेळात तर छाया हाच खेळाचा नियम होता: नायक उजेडात आला की पहारेकऱ्यांना दिसे, आणि तो किती दिसतो आहे हे सांगणारा एक खडा पडद्यावर सतत असे. तिथे प्रत्येक मशालीची जागा ठरवणे म्हणजे खेळणाऱ्याच्या पुढच्या पावलाची जोखीम ठरवणे होते.

या निर्णयशक्तीचे उत्तम धडे भारतीय छायालेखकांनी फार पूर्वी घालून दिले आहेत. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’साठी काशीतील घराचा चौक कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला, तेव्हा उघड्या आकाशाचा सावलीविरहित उजेड तिथे आणायचा कसा, हा पेच छायालेखक सुब्रत मित्र यांच्यापुढे पडला. त्यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणले, दिवे त्यावर रोखले आणि परतलेल्या मऊ उजेडात चौक उजळवला. इंजिनातील स्कायलाइट, म्हणजे साऱ्या आकाशातून सर्व बाजूंनी येणारा उजेड, तत्त्वतः याच कामासाठी असतो. व्ही. के. मूर्ती यांनी १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये आरशांच्या साहाय्याने सूर्याचा झोत स्टुडिओच्या अंधारात आणला; आज धूलिकण आणि धुके यांतून दिसणारा असा झोत व्हॉल्युमेट्रिक फॉग नावाच्या सोयीने काही आकडे भरून मिळतो. साधन सोपे झाले आहे, पण त्या झोताभोवती किती अंधार राखायचा हे मूर्तींना जसे ठरवावे लागले तसेच आजच्या विद्यार्थ्यालाही ठरवावे लागते.

शिकण्याची सोय आणि शिकवण्याची दिशा

साधनांच्या उपलब्धतेची स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. अनरियल शिकण्यासाठी विनामूल्य मिळते, आणि त्यात केलेल्या खेळाचे एकूण उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेले तरच वरच्या रकमेवर स्वामित्वधनाचा हिस्सा द्यावा लागतो; वस्तू घडवण्यासाठी ब्लेंडर आणि खेळ बांधण्यासाठी गोडो ही सॉफ्टवेअरे तर पूर्णतः मुक्त आहेत. खरी अडचण ग्राफिक्स कार्डाच्या किमतीची आहे, आणि लहान गावातल्या विद्यार्थ्यासाठी ती लहान नाही. कामाचे क्षेत्रही खेळांपुरते उरलेले नाही: ‘द मँडलोरियन’ या २०१९ च्या मालिकेत सुमारे २० फूट उंचीच्या एलईडी भिंतीवर इंजिनातील दृश्ये दाखवून त्यांच्याच उजेडात नटांचे चित्रीकरण झाले, आणि वास्तुरचनेच्या सादरीकरणातही हीच इंजिने वापरली जातात. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने अनरियलमध्ये घडवलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ॲनिमेशन, व्हीएफएक्स व गेमिंगसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था २०२५ मध्ये मुंबईत सुरू झाली.

या वाढत्या सोयींना अभ्यासक्रमाची योग्य दिशा मिळणे अगत्याचे आहे. बटणांची ओळख करून देणारे धडे लवकर शिळे होतात, कारण इंजिनाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत बटणे बदलतात. त्याऐवजी पहिले सत्र उजेड पाहण्यासाठी राखून ठेवता येईल. महाराष्ट्रातील ज्या विद्यार्थ्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिल्या आहेत, त्यांनी वस्तुचित्राच्या निमित्ताने घड्यावरची उजळ बाजू, मध्यछटा, गडद छाया आणि जमिनीवरची पडछाया यांचा सराव केलेला असतो. इंजिनात वस्तूंचे रंग काढून फक्त उजेड दाखवणारी जी सोय असते, तिच्यात दृश्य तपासणे हा त्याच सरावाचा पुढचा टप्पा आहे. एकच ओसरी सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि पावसाळी मळभात पाहून तिची छायाचित्रे घेणे, मोबाइलवरील लक्समापकाने ढोबळ मोजणी करणे, उजेड कोणत्या पृष्ठभागावरून येतो आहे याची नोंद ठेवणे आणि त्यानंतरच इंजिन उघडून तीच ओसरी त्या नोंदींवरून उभी करणे, असा क्रम ठेवला तर विद्यार्थ्याला तुलनेसाठी स्वतःचा पुरावा मिळतो. परीक्षकानेही अंतिम चित्रापुरते न थांबता केवळ उजेडाचे चित्र, चौकटीला लागलेला वेळ आणि प्रत्येक दिवा का ठेवला याचे लेखी कारण मागावे. ज्या दिव्याचे कारण देता येत नाही तो दिवा काढून टाकण्याची सवय याच मागणीतून लागते.

अशा नोंदींचा संग्रह एकेका संस्थेने दरवर्षी वाढवत नेला, तर कोकणातील पडवी, देशावरचा वाडा, मुंबईतील चाळीचा व्हरांडा आणि विदर्भातील मे महिन्याची दुपार यांच्या उजेडाचे मोजलेले भांडार काही वर्षांत उभे राहील, आणि इथल्या कथा सांगणाऱ्या खेळांना परक्या आकाशाखाली वावरावे लागणार नाही. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वर्षभराची चिकाटी, साधी वही आणि ती तपासणारा शिक्षक एवढे पुरेसे आहे, आणि याची सुरुवात या वर्षीच्या सत्रापासूनही करता येईल.